घरी काय चाललंय?

ज्या घरातलं मूल नुकतंच होस्टेलवर गेलंय, तिथे जुलै महिन्यात एक प्रश्न हमखास निघतो. "पोरगा फोनवर नुसता रडतो. सर म्हणतात, महिनाभर फोन करू नका, भेटायलाही येऊ नका, आपोआप रुळेल. खरं आहे का हो हे?" विचारणारी बहुतेक वेळा आई असते. वडिलांनाही तेच विचारायचं असतं, पण ते "सरांना जास्त कळतं" असं म्हणून बाजूला होतात आणि कान मात्र उत्तराकडे ठेवतात.

सरांचं म्हणणं सगळंच चूक नाही. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. ती सोडवायची तर आधी घरच्या आठवणीने मुलाचं नेमकं काय होतं ते पाहू, मग फोनकडे वळू.

१. हा आजार आहे का?

एके काळी डॉक्टर याला आजारच समजत. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात योहानेस होफर नावाच्या एकोणीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने घरच्या ओढीवर प्रबंध लिहिला. त्यात बर्नहून बाझलला शिकायला आलेल्या एका तरुणाची हकिकत आहे. ताप, छातीत धडधड, अन्नावर वासना नाही. दिवसेंदिवस तो खंगत गेला, इतका की लोकांनी आशा सोडली. शेवटी कोणीतरी सुचवलं, याला घरी पाठवून द्या. निघायची तयारी सुरू झाली तसा त्याला हुरूप आला. शहर मागे पडल्यावर श्वास मोकळा झाला आणि बर्नला पोचायच्या आधीच गडी बरा झाला.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे त्याला बरं वाटायला लागलं ते घर दिसण्याच्या आधी, घरी जायचं नक्की झालं तेव्हा. हा धागा पुढे कामाला येईल.

होफरनंतर बरीच वर्षं हा खास स्विस लोकांचा रोग मानला गेला. डोंगरात वाढलेली माणसं सपाटीवर आली की हवेच्या दाबाने त्यांचं रक्त नीट वाहत नाही, असंही एका विद्वानाने मोठ्या गांभीर्याने मांडलं. आज कोणी तसं म्हणत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर थर्बर यांनी उन्हाळी शिबिरांत राहायला आलेल्या आठ ते सोळा वर्षांच्या मुलग्यांना रोजच्या रोज विचारून नोंदी ठेवल्या. निदान एक दिवस तरी घरची आठवण आली असं सांगणारी मुलं दहात आठांहून जास्त निघाली. बहुतेकांचा त्रास हलका होता. जेवण, झोप, खेळ सगळं बंद पडावं इतका त्रास थोड्यांनाच झाला.

म्हणजे आठवण येणं ही नेहमीचीच गोष्ट. "आमचाच इतका हळवा कसा?" हा प्रश्न मनातून काढून टाकायला हरकत नाही.

२. मग पोटात खरंच दुखतं का?

दुखतं. पहिल्या महिन्यात होस्टेलच्या सिकरूममध्ये बरीच गर्दी पोटदुखीची आणि डोकेदुखीची असते. गोळी दिली तरी थांबत नाही आणि शनिवारी वडील येणार असं कळलं की थांबते. त्यावरून "नाटक करतोय" असा शेरा बसतो. हा शेरा चुकीचा आहे.

आपल्या शरीरात धोक्याच्या वेळची एक व्यवस्था असते. धोका जाणवला की मेंदूकडून निरोप जातो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं रक्तात सोडतात, हृदय जोरात चालतं आणि पचनाचं काम मागे पडतं. आतड्यांना स्वतःचं मज्जातंतूंचं मोठं जाळं असतं आणि ते मेंदूशी सतत बोलत असतं. त्यामुळे मनावरचा ताण पोटात कळ होऊन उठतो. ती कळ मुलाने ठरवून आणलेली नसते, त्याला ती सोसावी लागते. माणसाच्या पिल्लासाठी आपली माणसं नजरेआड होणं हा लाखो वर्षं खराखुरा धोका होता. होस्टेलच्या इमारतीला कुंपण आणि वॉचमन आहे, हे मुलाच्या आतड्यांना कुठे माहीत असतं?

एक सावधगिरी मात्र हवीच. ताप, उलट्या, मध्यरात्री झोपेतून उठवणारी कळ, एका बाजूलाच दुखणं, वजन उतरणं यांतलं काही दिसलं तर "घरची आठवण" म्हणून सोडून न देता डॉक्टरकडे न्यावं. अपेंडिक्स होस्टेलच्या मुलांनाही असतं.

आणि रात्रीच का? दिवसभर पीटी, तास, मेस, खेळ, प्रेप अशी रांग लागलेली असते. हातपाय गुंतलेले असले की मन फारसं भटकत नाही. ब्रिटिश संशोधक शर्ली फिशर यांनी निवासी शाळेतल्या मुलांना डायऱ्या लिहायला सांगून हा विषय पहिल्यांदा नीट अभ्यासला. धावपळीच्या कामांत आठवण मागे सरते आणि निवांतपणी वर येते, हा अशा अभ्यासांचा एक ठळक धडा. दिवे मालवल्यापासून झोप लागेपर्यंतचा वेळ आणि रविवारची दुपार या म्हणूनच वाईट वेळा. रविवारी दुपारी मुलांना "विश्रांती" देणाऱ्या शाळांनी त्याऐवजी मैदान उघडं ठेवलं तर सिकरूमचं काम नक्की हलकं होईल.

३. आठवण वेगळी, खबर वेगळी

आता मुद्द्यावर येऊ. आपण "घरची आठवण" असं एकच नाव देतो, पण त्यात दोन गोष्टी असतात.

पहिली म्हणजे ओढ. आईच्या हातची भाकरी, स्वतःचं अंथरूण, गल्लीतले मित्र. ही ओढ नव्या जागी मित्र झाले, मेसच्या आमटीची सवय झाली की हळूहळू बोथट होते. इथे सरांचं बरोबर आहे, मूल खरंच रुळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे घोर. मूल घरातून निघालं तेव्हा घरात काहीतरी अर्धवट चालू होतं. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. गाय व्यायला झाली होती. बोअरला पाणी लागलं नव्हतं. आईबाबांचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि मुलाने ते पांघरुणाखालून ऐकलं होतं. घरी असताना त्याला रोजच्या रोज कळत होतं. आई सकाळी नेहमीसारखी चहा टाकते आहे एवढ्या आवाजावरूनही कळत होतं, की ठीक आहे. होस्टेलवर हा आवाज नाही. शेवटचं जे पाहिलं तिथेच चित्र थांबलेलं, आणि पुढचं मूल स्वतः रंगवतं. रात्री रंगवलेलं चित्र सहसा काळंच निघतं.

ओढ काळाने कमी होते. घोर काळाने वाढतो, कारण जितके दिवस खबर नाही तितकं रंगवायला रान मोकळं. सरांच्या सल्ल्यात गल्लत होते ती इथे. ओढीवरचं औषध ते घोराला देतात.

न कळणं इतकं का छळतं, याचा एक सुरेख प्रयोग २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये झाला. माणसांना संगणकावर दगड दाखवायचे आणि कोणत्या दगडाखाली साप आहे ते ओळखायला सांगायचं. साप निघाला की हाताला विजेचा दुखेलसा झटका. शास्त्रज्ञ त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या किती मोठ्या होतात, घाम किती सुटतो ते मोजत होते. झटका बसणारच हे पक्कं ठाऊक असताना ताण सगळ्यात जास्त असेल, असं आपल्याला वाटेल. तसं झालं नाही. बसेल की नाही याची निम्मी-निम्मी शक्यता होती तेव्हा ताण सगळ्यात जास्त निघाला. म्हणजे वाईट नक्की असण्यापेक्षा "काय होईल कोण जाणे" हे शरीराला जड जातं.

आपल्याला याचा अनुभव एसटी स्टँडवर येतो. गाडी तासाभराने लागणार असं कंट्रोलरने सांगितलं की माणूस बाकावर बसतो, शेंगा खातो, पेपर वाचतो. "येईल, सांगता येत नाही" असं म्हटलं की तोच माणूस दर दोन मिनिटांनी उठून रस्त्याकडे बघतो, बॅग खांद्यावरून उतरवत नाही आणि वीस मिनिटांत थकतो.

होस्टेलवरचं मूल "घरून कधीतरी फोन येईल" यावर असतं तेव्हा बॅग खांद्यावर घेऊन उभं असतं. "रविवारी सकाळी दहाला येईल" हे पक्कं असलं की सोमवार ते शनिवार ते खेळू शकतं. होफरच्या त्या तरुणालाही घरी जायचं नक्की होताच बरं वाटायला लागलं होतं. रोज अवेळी येणाऱ्या पाच फोनांपेक्षा आठवड्याला ठरल्या वेळी येणारा एक फोन जास्त काम करतो, असं माझं ठाम मत आहे. आणि ठरलेला फोन चुकला तर झालेलं नुकसान पुढच्या दोन फोनांनी भरून निघत नाही. अडचण असेल तर शाळेत निरोप ठेवावा, "आज रेंज नाही, संध्याकाळी सहाला करतो." हा निरोप म्हणजेही खबरच.

एका प्रकारच्या मुलाकडे मुद्दाम बघायला हवं. ज्या घरात आजारपण आहे, दारू आहे, कर्ज आहे, तिथलं मूल घरी असताना नकळत राखणदारी करत असतं. बाबा आले का, आई जेवली का, धाकट्याला कोणी मारलं का. त्याला होस्टेलवर आणलं की आपण त्याला त्रासातून सोडवलं असं आपल्याला वाटतं. त्याला वाटतं, आपण पहारा सोडून आलो. हे मूल लाडाने भरवलेल्या मुलापेक्षा जास्त झुरतं, आणि बघणारे म्हणतात, "अरे, घरी तर याला धड जेवायलाही मिळत नव्हतं!"

४. 'भेटू नका' हा सल्ला आला कुठून?

आईवडील येऊन गेले की मूल जास्त रडतं, हे खरंच घडतं. सरांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. भेट झाली, रडारड झाली. भेट नाही, शांतता. यावरून निष्कर्ष निघाला, भेट वाईट.

हाच निष्कर्ष एकदा मोठ्या प्रमाणावर काढला गेला होता, तो इंग्लंडमधल्या इस्पितळांत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे दाखल झालेल्या लहान मुलांना आईवडिलांनी क्वचितच, ठरावीक थोडा वेळ भेटायची मुभा असे. नर्सेस सांगत, पहिले काही दिवस रडतात, मग छान शांत होतात. भेटीला आलात की पुन्हा बिघडतात.

जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकाला ही शांतता खटकली. त्याने १९५२ साली एक चित्रफीत केली. दोन वर्षांची मुलगी, छोट्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात आठ दिवस, आणि कॅमेरा ठरल्या वेळी जे दिसेल ते टिपणारा. मुलगी फारशी रडत नाही. पण दिवसागणिक तिचा चेहरा विझत जातो आणि शेवटी न्यायला आलेल्या आईचा हातही ती धरत नाही. रॉबर्टसन ज्यांच्याबरोबर काम करत होता ते मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी स्वतः लहानपणी बोर्डिंग शाळेत राहिले होते. आपली माणसं दुरावलेली मुलं तीन टप्प्यांतून जातात, असं या दोघांनी दाखवलं. आधी आकांत, मग हताशा, मग अलिप्तपणा. इस्पितळवाले ज्याला "रुळलं" म्हणत होते तो तिसरा टप्पा होता. डॉक्टरांनी आधी खूप आरडाओरडा केला, पण १९५९ साली ब्रिटिश सरकारच्या प्लॅट समितीने मुलांच्या भेटीवरची बंधनं काढावीत अशी शिफारस केली आणि पुढे तेच रूढ झालं.

दोन वर्षांचं मूल आणि सहावीतलं मूल यांत फरक आहे, आणि तो विसरून चालणार नाही. दोन वर्षांच्या मुलाला "रविवार" कळत नाही, आई गेली म्हणजे गेलीच. अकरा वर्षांच्याला कळतो. म्हणून तर त्याच्याबाबतीत ठरलेली वेळ इतकी कामाची. पण इस्पितळाची गोष्ट एका बाबतीत जशीच्या तशी लागू पडते. गप्प झालेलं मूल रुळलेलं असेलच असं नाही.

मग ओळखायचं कसं? रुळलेलं मूल तक्रारी करतं. डाळ पातळ आहे, अमक्याने माझी बादली घेतली, गणिताचे सर मारकुटे आहेत, तमका घोरतो. तक्रारीत माणसांची नावं यायला लागली की निश्चिंत व्हावं. उलट "सगळं ठीक आहे, मी बरा आहे, ठेवू का?" एवढंच तीन फोनांत ऐकू आलं तर चौथ्याची वाट न बघता जाऊन यावं.

सरांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्या चार-पाच दिवसांत तासातासाला फोन केला, प्रत्येक वेळी आईही पलीकडे रडली आणि "नाहीच जमलं तर घेऊन येईन हं" असं म्हटलं, तर मूल रुळायचा प्रयत्नच थांबवतं. त्याने का करावा? न जमणं हाच घरी जायचा रस्ता झाला. शिबिरांवर काम करणारे थर्बर यांच्यासारखे अभ्यासक हे वचन देऊ नका असं आवर्जून सांगतात. न्यायचं असेल तर न्यावं, तो पालकांचा हक्क. पण आमिष म्हणून दाखवू नये.

५. पत्र, फोन, मेसेज

आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ रोजी. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. पुढची शंभर वर्षं गावाबाहेर शिकणाऱ्या मुलाला घरची खबर मुख्यतः त्या कार्डावर मिळाली. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. खेड्यातली मुलं तिथे राहिली ती आठवड्या-पंधरवड्याला येणाऱ्या कार्डाच्या जोरावर. साताऱ्याच्या बोर्डिंगात मुलांच्या जेवणापायी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले हे आपण शाळेत शिकलो. मला त्यात आणखी एक दिसतं. त्या मुलांना आजारपणात, रडण्यात जायला एक माणूस होतं. आजच्या होस्टेलांत रेक्टर असतो, मेट्रन असते, पण बदल्या आणि रिकाम्या जागा यांमुळे तेच माणूस वर्षभर राहील याची खात्री नसते.

जुन्या पत्रांचा साचा ठरलेला असे. 'चि. यास अनेक आशीर्वाद. येथील सर्व क्षेम. अभ्यास नीट करावा. प्रकृतीस जपावे.' खबर म्हणावी असं त्यात काहीच नसे. खबर असे ती शेवटी, कोपऱ्यात, जागा पुरत नाही म्हणून उभ्या ओळीत लिहिलेल्या ता. क. मध्ये. 'ता. क. तांबडीला खोंड झाला.' ज्यांना अशी पत्रं मिळाली आहेत त्यांनी आठवून बघावं, आधी वाचायला काय घेत होतो?

मग ट्रंक कॉल, मग पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ, मग रेक्टरच्या ऑफिसातला एक फोन आणि त्यापुढची रांग, आणि आता मोबाइल. बऱ्याच निवासी शाळांत मुलांना स्वतःचा मोबाइल ठेवू देत नाहीत, ते योग्यच आहे. पण मग शाळेने काय द्यायचं? आवाज की मेसेज?

याचं उत्तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्टझर आणि सहकाऱ्यांनी शोधलं. सात ते बारा वर्षांच्या मुलींना त्यांनी अनोळखी माणसांपुढे भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावलं. या वयात घाम फुटायला तेवढं पुरतं. नंतर काही मुलींना आईने जवळ घेतलं, काहींना आईशी फोनवर बोलू दिलं, काहींना नुसता एक चित्रपट दाखवला. लाळ आणि लघवी तपासून संप्रेरकं मोजली. जवळ घेतलेल्या मुलींचा ताण उतरला, ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक वाढलं. फोनवाल्या मुलींचंही जवळपास तसंच झालं! आईचा नुसता आवाज पुरला. हा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. २०१२ मध्ये त्यांनी त्यात संगणकावर आईशी लेखी गप्पा मारणारा गट घातला. त्या मुलींमध्ये ऑक्सिटोसिन वाढलं नाही आणि कॉर्टिसॉल आईशी संपर्कच न झालेल्या मुलींइतकं राहिलं.

तेव्हा शाळेच्या ग्रुपवर "सर्व मुले सुखरूप आहेत" असा मेसेज आणि त्याखाली चाळीस अंगठे, ही पालकांची सोय आहे. मुलापर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही. पत्राचं गणित वेगळं. पत्र आवाजाइतकी जादू करत नसेल, पण ते उशीखाली राहतं आणि नेमक्या वाईट वेळी, म्हणजे रात्री, पुन्हा वाचता येतं. आठवड्याला एक फोन आणि महिन्याला एक पत्र, एवढं जमवलं तर फार झालं.

६. दहा मिनिटांत काय बोलायचं?

बहुतेक घरगुती फोन असे होतात. "जेवलास का?" "हो." "काय होतं?" "भाजी." "अभ्यास करतोस का?" "हो." "सरांचं ऐक." "हो." "रडू नको हं." इथे मूल रडायला लागतं. पुढची सहा मिनिटं रडण्यात आणि समजावण्यात जातात.

यात आईवडिलांनी तीन प्रश्न विचारले, खबर एकही दिली नाही. मुलाला उत्तरं द्यायची नसतात, ऐकायचं असतं. आता दुसरा फोन बघा.

"ऐक, काल बोअरला मोटर बसवली. बाबा आणि काका दुपारभर खड्ड्यात. पाणी आलं, पण गढूळ. आजीची पट्टी निघाली, तिने पहिल्यांदा मला बघितलं आणि म्हणाली, तू बारीक झालीस. धाकटीने तुझ्या सायकलची चेन पाडली, मी ओरडले तिला. तुझं कपाट तसंच आहे, कोणी हात लावलेला नाही."

"चेन कुठली? पुढची का मागची?"

या एका प्रश्नात काम झालं. मूल घरात येऊन बसलं. आता ते स्वतःहून इथलं सांगेल. दोन-तीन खऱ्या, बारीक बातम्या आधी, प्रश्न नंतर, आणि फोन ठेवण्यापूर्वी पुढच्या फोनचा वार आणि वेळ. क्रम एवढाच.

फार हळव्या किंवा फार गोड बातम्याही नकोत. "तुझ्याशिवाय घर खायला उठतं, आई रोज तुझं ताट बघून रडते" हे प्रेमाने म्हटलं जातं, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक काळजी बसते. आणि "आम्ही सगळे काल महाबळेश्वरला जाऊन आलो" ही बातमी खरी असली तरी पहिल्या महिन्यात जरा मागे ठेवावी.

७. वाईट बातमी

आजोबा गेले. परीक्षा दहा दिवसांवर. घरात बैठक बसते आणि ठरतं, "परीक्षा झाल्यावर सांगू, उगाच त्याचं लक्ष उडेल."

हा निर्णय प्रेमापोटी होतो आणि माझ्या मते जवळजवळ नेहमी चुकतो. पहिलं म्हणजे बातमी थांबत नाही. त्याच होस्टेलवर त्याच गावचं दुसरं मूल असतं, आणि त्याचे वडील रविवारी फोनवर सहज बोलून जातात. मग मुलाला आजोबा गेल्याचं संडासासमोरच्या रांगेत कळतं. दुसरं, आणि जास्त महागाचं, म्हणजे त्या दिवसापासून घरच्या प्रत्येक "सगळं ठीक आहे"ची किंमत जाते. आतापर्यंत त्या तीन शब्दांवर मूल आठवडा काढत होतं. आता आई हसून बोलली तरी ते विचार करणार, काय लपवते आहे? घोराला कायमचं घर मिळालं.

सांगावं. साध्या शब्दांत, घरच्याच माणसाने, शक्य तर समोर बसून, नाहीतर रेक्टरांना आधी कळवून फोनवर, आणि त्या रात्री त्याच्याजवळ कोण झोपेल हे ठरवून. अंत्यविधीला यायचं का, हे त्यालाही विचारावं. या वयाच्या मुलाला आपल्याला विचारलं गेलं, एवढ्याने आधार वाटतो. आपल्या जाण्यात आपलं काही मत होतं असं वाटणाऱ्या मुलांना घर सोडण्याचा त्रास कमी होतो, हे फिशर आणि थर्बर दोघांच्याही कामात दिसतं. तेच इथेही लागू.

८. घरच हललं तर?

आतापर्यंत आपण धरून चाललो की घर एका जागी आहे, फोन आहे, उचलायला कोणीतरी आहे. महाराष्ट्रात हजारो मुलांच्या बाबतीत हे खरं नसतं.

आधी त्यातल्या त्यात सोपं उदाहरण, नवोदय विद्यालयांचं. सहावीत प्रवेश, आणि नववीत सुमारे ३० टक्के मुलं हिंदी आणि अहिंदी प्रदेशांमध्ये वर्षभरासाठी अदलाबदल होऊन जातात. तीन वर्षांत रुळलेलं मूल पुन्हा नव्याने सुरुवात करतं, तेही परक्या भाषेत. पण त्याला आपण का जातोय हे ठाऊक असतं, बरोबर शाळूसोबती असतात आणि परत यायची तारीख ठरलेली असते. त्यामुळे हे वर्ष बहुतेकांचं निभतं.

आश्रमशाळेतल्या पहिली-दुसरीच्या मुलाचं तसं नाही. सहा-सात वर्षांचं वय, घरची बोली गोंडी किंवा कोरकू, शाळेत मराठी, आणि पाड्यावर रेंज नाही. इथे आठवड्याच्या फोनचा सल्ला देणं सोपं, पाळणं अवघड. बाजाराच्या दिवशी पाड्यावरचं कोणीतरी शाळेवरून जातं. अधीक्षकांनी त्या माणसाला दहा मिनिटं थांबवून मुलाशी त्याच्या बोलीत बोलू दिलं तर तोच फोन. काही शाळांत गावाकडचं माणूस अवेळी आलं म्हणून फाटकावरूनच परत पाठवतात. शिस्त म्हणून ठीक असेल, पण मुलाच्या वाट्याची खबर त्याच्याबरोबर परत जाते.

आणि ऊसतोड. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास नवरा-बायको, म्हणजे एक 'कोयता', मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन साखर कारखान्यांकडे जातात ते पार गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. मुलाची शाळा बुडू नये म्हणून गावातच हंगामी वसतिगृहाची सोय असते, रात्री आजी किंवा चुलत्याकडे झोपायचं. इथे मूल स्वतःच्या गावात, स्वतःच्या शाळेत असतं आणि घर निघून जातं. आईबाप आज कोणत्या फडात आहेत, टोळी कर्नाटकात गेली का, बैलगाडी उलटली ती कोणाची, हे त्याला कळत नाही. फोन असतो, पण तो चार्ज करायला कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, वीज नसते, आणि पहाटे फडात गेलेली माणसं रात्री गाडी भरून परततात. म्हणून अशा वसतिगृहात नाव घालताना आजीने किंवा चुलत्याने शिक्षकांना फक्त बापाचा नंबर देऊन भागत नाही. मुकादमाचा नंबर, कारखान्याचं नाव, टोळीतल्या आणखी एका घराचा नंबर आणि फोन लागण्याची रात्रीची वेळ, एवढं सगळं वहीत लिहून घ्यावं. आणि टोळीने कारखाना बदलला की नवा पत्ता शाळेत कळवायचा, हे उचल घेतानाच मुकादमाला सांगून ठेवावं.